हॉलंडची वाळू आणि गोडं पाणी

गेल्या उन्हाळ्यात भाचीकडे हॉलंडला गेले होते. ट्यूलिप आणि पवनचक्क्या सगळेच बघतात. भाची म्हणाली, "मावशी, आमचं नळाचं पाणी कुठून येतं ते दाखवते." झान्डफोर्ट गावाजवळ, समुद्राकाठी, वाळूच्या टेकड्यांचं सुमारे ३,४०० हेक्टरांचं रान आहे. तिकीट काढून आत पायीच फिरायचं. हॉलंडमध्ये सायकलला बंदी म्हणजे नवलच! हरणं मात्र अगदी जवळून जातात.

हे रान म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमची पाण्याची टाकी. पूर्वी त्या शहरात चांगल्या पाण्याचे हाल होते आणि पटकीच्या साथी यायच्या. १८५१ मध्ये या वाळूत कालवा खणायला घेतला आणि १८५३ च्या डिसेंबरात शहराच्या वेशीवर हे गोडं पाणी एका सेंटला बादलीभर विकू लागले. आपल्या मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये मिळालं. १८६६ ची साथ आली तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमला पुष्कळ कमी झळ लागली. मी आयुष्यभर नर्सिंग केलं आहे. रोग्याला सलाईन लावण्यापेक्षा रोग होऊच न देणं मोठं, म्हणून त्या खणणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण उपसा वाढत गेला. कोकणात किनाऱ्यावरच्या वाडीत रहाट फार चालला की विहीर मचूळ होते ना, तसंच इथेही खालून खारं पाणी चढू लागलं. वरची ओली खोरी सुकली, तिथली फुलं गेली. १९५७ पासून ऱ्हाईन नदीचं पाणी नळाने आणून वाळूत मुरवतात आणि गाळून परत घेतात. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी व्हान लिंबुर्ग स्टिरुम नावाचा जुना कालवा चक्क वाळूने बुजवला. मग जमिनीतलं पाणी आपोआप वर आलं आणि खोरी पुन्हा ओली झाली. आता तिथे रानटी ऑर्किड आणि पर्नासिया नावाची नाजूक पांढरी फुलं येतात.

सगळंच पूर्ववत झालेलं नाही. बाकीचे कालवे चालूच आहेत, कारण शहराला तहान आहेच. आमच्या अश्दोदजवळही निट्झानीमची अशीच वाळू आहे. आपल्या मुलांना ती दाखवायला न्या. वाळू म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे त्यांना लहानपणीच कळू दे.

हॉलंडला गेलात तर ऑगस्टच्या सुमारास जा, तेव्हा ती पांढरी फुलं दिसतात. पायात बंद बूट घाला, आणि सोबत डबा न्यायला विसरू नका.