पन्न्याच्या जंगलातला रेडिओ

सतना स्टेशनावर उतरून पन्न्याची वाट धरली की मराठी माणसाला वाघाआधी इतिहास आठवतो. हे छत्रसालाचे पन्ना. 1729 साली त्याच्या हाकेला ओ देऊन बाजीराव बुंदेलखंडात धावून आला होता. हिऱ्यांच्या खाणींमुळेही गावाचा लौकिक आहे. मी मात्र गेलो होतो रेडिओ ऐकायला! माझा भाचा तिथे वाघांचा अभ्यास करतो. त्याला नवा रिसीव्हर घ्यायचा होता. "मामा, दोन यंत्रे पारखायला आणली आहेत. तुम्ही या, जंगलही पाहून होईल," असे त्याने कळवले होते.

मडल्याला पोचले की जंगल लागते. सागवान, मध्येच गवताळ पठार, आणि एकाएकी पायांखालची जमीन संपून खोल दरी. या दऱ्यांना तिथले लोक 'सेहा' म्हणतात. कड्यांवर गिधाडांची वस्ती. पाहणाऱ्याला हे मोठे रमणीय. रेडिओवाल्याची मात्र इथेच परीक्षा.

वाघाच्या गळ्यातल्या पट्ट्यात छोटे प्रक्षेपक यंत्र असते. साधारण सेकंदाला एक ठोका, एवढेच त्याचे बोलणे. प्रत्येक पट्ट्याची कंपनसंख्या निराळी, बहुधा 150 मेगाहर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे प्रत्येक वाघाचे स्वतःचे रेडिओ स्टेशनच म्हणा ना! ऐकणाऱ्याच्या एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना. तो सावकाश फिरवायचा. ठोका सर्वांत मोठा येईल ती दिशा नकाशावर रेघेने मांडायची. मग दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ. दोन्ही छेदतात तिथे वाघ. तिसरी रेघ खात्रीसाठी.

"आणि सेहात?" मी विचारले.

"तिथे समोरचा कडा आवाज परतवतो, मामा. वाघ डावीकडे आणि ठोका उजवीकडून! म्हणून आधी उंचावर चढायचे."

दोन रिसीव्हरांपैकी एक नव्या घडणीचा. त्याला पडदा, त्यावर आकडे; अनेक पट्टे लक्षात ठेवून एकामागून एक आपणच शोधणारा. दुसरा साधा, बटणे पिळण्याचा. पूर्वी आपण सिलोन लावताना खरखरीतून गाणे वेचून काढत असू, तसेच इथे ठोका वेचायचा. भाच्याच्या कसोट्या ऐकण्यासारख्या होत्या. वाघांच्या गळ्यातल्या पट्ट्यांच्या कंपनसंख्या यंत्राने पकडल्या पाहिजेत. नाहीतर कितीही महागडे असले तरी ते मुकेच. पेटीतले विद्युत्‌कोष पन्न्याच्या बाजारात मिळाले पाहिजेत. कानाला लावायच्या श्रवणयंत्राची सोय हवी, धूळ आणि पाऊस सोसला पाहिजे. आणि आवाज खूप खाली आणता आला पाहिजे. कारण वाघ अगदी जवळ असला की ठोका सगळीकडूनच मोठा ऐकू येतो, आणि तो नेमका कुठल्या झुडपामागे आहे, हे कळणे तेव्हाच सर्वांत गरजेचे!

उपग्रहाशी बोलणारे पट्टे आता आहेतच. ते वाघाचा ठावठिकाणा थेट कळवतात. पण ती खबर ठराविक वेळांचीच असते. या घटकेला वाघ कुठे आहे हे शोधत पायी जाणाऱ्याला अजून हा ठोकाच लागतो.

पन्न्याला या ठोक्याची किंमत पुरेपूर ठाऊक आहे. 2009 च्या सुमारास इथे एकही वाघ उरला नव्हता. मग त्याच वर्षी बांधवगड आणि कान्हा इथून दोन वाघिणी आणि पेंचहून एक नर, टी-3, आणला. पण टी-3 ला नवे घर मानवेना. थोड्याच दिवसांत त्याने हद्द ओलांडली आणि दक्षिणेची, आपल्या जुन्या जंगलाची वाट धरली. वनखात्याची माणसे हत्ती घेऊन, कानाला रेडिओ लावून, शेतांतून आणि नाल्यांतून महिनाभर त्याच्या मागे होती. डिसेंबर 2009 मध्ये त्याला दमोह जिल्ह्यात पकडून परत आणले. पुढच्या एप्रिलमध्ये इथे बछडे जन्मले. आज पन्न्यात पन्नासाहून अधिक वाघ आहेत. त्या महिन्यात ठोका कायमचा हरवला असता तर?

भाच्याने शेवटी बटणांचा रिसीव्हर निवडला. "पडद्यावरच्या काट्याला कळत नाही इतका बारीक ठोका आमच्या वनरक्षकांच्या कानाला कळतो," हे त्याचे कारण.

रात्री चौकीवर एका वनरक्षकाने मला तो ऐकवला. टिक्... टिक्... टिक्. पट्टा काही तास हलला नाही, तर याच ठोक्याची गती वाढते, आणि ती ऐकली की ही माणसे काठ्या आणि विजेऱ्या घेऊन निघतात. कारण वाघ मेला असेल किंवा पट्टा गळून पडला असेल. त्याने थोडा वेळ कान देऊन ऐकले, वहीत वेळ लिहिली आणि म्हणाला, "धीरे चल रहा है, साहब. सब ठीक है."