हवाली

रात्रपाळी संपवून खोलीवर आलो तेव्हा मावशी गुडघ्यांवर होती. जालन्याहून चार दिवसांसाठी आलेली. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. माझ्या अंगाला मळीचा वास. दारातच उभा राहिलो. तिच्या प्रार्थनेत माझं नाव आलं.

'याला तुझ्या हवाली करते, बापा.'

डोकं भडकलं. म्हणालो, 'मावशे, मला न इचारता कोणाच्याबी हवाली करू नको.'

ती उठली. चहा टाकला. बोलली काहीच नाही.

दोस्तांनो, 'हवाली' या शब्दाचीच मला चीड आहे. पणजा गावाच्या हवाली होता. येसकरकी, मेलेली ढोरं, पाटलाचा सांगावा. आई-बाप मुकादमाच्या हवाली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घ्यायची आणि पार लांबच्या फडात जाऊन पडायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेबात हत्यार एक. पोर तापलं तरी आधी मोळी. हंगाम संपायचा, उचल फिटायची नाही. म्हणजे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या समर्पणच चाललं होतं. त्याला कुणी अध्यात्म म्हणालं नाही, एवढंच.

आता मी अंकुशनगरला मिलवर आहे. गव्हाणीत ऊस पडतो, कटरखाली जातो, एका रोलरमधून दुसऱ्यात. रस एकीकडे, चिपाड बॉयलरकडे. उसाला कोण विचारतो? म्हणून मी बाबासाहेबांचा. बुद्धानं कुणाच्या हवाली व्हायला सांगितलं नाही, आपल्या उजेडात चालायला सांगितलं.

वाचायचा नाद आहे. ना. वा. टिळकांबद्दल वाचलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. १९१७ साली मिशनची नोकरीही सोडली, 'देवाचा दरबार' मांडला. सगळं देवावर टाकलं. मोठा माणूस. पण त्यांच्याजवळ टाकायला होतं. जात होती, विद्या होती, पगार होता. आमच्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. तेही ब्राह्मण, १८४३ साली ख्रिस्ती झालेले. पण तिथं त्यांच्यामागे गेले ते मांग-महार. त्यांच्या हातात काय होतं सोपवायला? माझ्या मावशीच्या हातात काय होतं?

हे मी चहा पिता पिता तिला विचारलंच. तेव्हा तिनं सांगितलं.

काका वारले त्या वर्षी मुकादम दारात आला. उचल अंगावर राहिलेली. म्हणाला, औंदा तू ये, पोरीला घे, कोयता पुरा होतो. मावशी म्हणाली, 'न्हाई येत. मी आता दुसऱ्याची हाय.' मुकादमाला वाटलं, हिनं दुसऱ्या मुकादमाचे पैसे घेतले. विचारतो, 'किती उचल दिली त्यानं?' ही म्हणाली, 'त्यानं माझी समदी फेडली.'

मी हसलो. तीही हसली. मग म्हणाली, 'पैसं मीच फेडलं रं. जालन्यात दोन वरीस धुणीभांडी केली. पर पोरीला फडात न्हाई नेली. ती साळंत गेली.'

चहा हातात तसाच राहिला. ज्याच्या हातात काहीच नाही तो काय सोपवणार? सोपवण्यासाठी तिनं आधी स्वतःला मुकादमाच्या हातातून हिसकावून घेतलं होतं. आणि ज्या येशूला ती हवाली झाली, तोही पकडला जायच्या रात्री बागेत आधी घामाघूम झाला. हा प्याला टळू दे म्हणाला. मान लवली ती नंतर. मोळीसारखा मुकाट नाही गेला.

तरी मला ते पटत नाही. मी गुडघे टेकणार नाही. पण आपल्यातले काही जण ख्रिस्ती झालेल्यांना 'सवलतीला विकलेले' म्हणतात, त्यांना एक सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीत, काही शीख जाती सोडल्या तर, हिंदूंशिवाय कुणाला धरलं नाही. पुढे १९५६ ला बाकीचे शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहे. कसली सवलत?

आणि आपलं काय? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाला नेत असेलही, राजकारणातली भक्ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. मावशी न दिसणाऱ्या देवापुढे वाकते आणि उठून मुकादमाला नाही म्हणते. आपण देव मानत नाही. आणि पुढाऱ्याची गाडी आली की? कोण कुणाच्या हवाली आहे, हे एकदा तपासून घेऊ.

मावशी जायच्या दिवशी पहाटे मी पुन्हा रात्रपाळीवरून आलो. ती अजून बसलेली नव्हती. वाट बघत होती.

'तुझं नाव घेऊ का?' तिनं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारून काही करत होतं.

म्हटलं, 'घे. पण हवाली नको करू.'

'बरं,' ती म्हणाली. 'नुसतं सांगते त्याला. पोरगं रातपाळीला मिलवर असतं, हात सांभाळ म्हणून.'