तिळाएवढे सहा तुकडे

१४ जानेवारी २०२४, भोगी
दुपारी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा घास अनयच्या छातीत अडकला. वर पाणी प्यायला, तर तेही परत आलं. थुंकीसुद्धा गिळवेना, वाटी हातात धरून बसून राहिला. रात्री दुर्बिणीतून घास काढला. डॉक्टरांनी विचारलं, "दर घासाला पाणी लागतं का याला?" लागतं. शाळेत होता तेव्हापासून. आणि मी रोज म्हणत आले, "किती चघळतोस? आवर की लवकर!"

१५ जानेवारी, संक्रांत
अन्ननलिकेचे फोटो पाहिले. बांगड्या एकीवर एक ठेवाव्यात तशा आडव्या वळ्या, नांगरटीच्या तासांसारखे उभे चर, मधूनच पांढरे ठिपके. गेल्या वर्षी दुसरीकडे दुर्बीण घातली, तेव्हा 'नॉर्मल' लिहून पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. तुकडा मात्र एकही काढला नव्हता. आता ज्या आजाराची शंका आहे, त्यात काहींची नलिका वरवर चांगलीच दिसते, म्हणून शंका आली की बायॉप्सी करायलाच हवी, असं डॉक्टर म्हणाले. काल त्यांनी सहा तुकडे घेतले, तीन खालून आणि तीन वरून. सूज सगळीकडे सारखी नसते. एका तुकड्यात जे नाही ते दुसऱ्यात सापडतं. दोन्ही बाटल्या मीच लॅबमध्ये पोचवल्या. फॉर्मॅलिनच्या तळाशी ते तुकडे, तिळाएवढे.

२० जानेवारी
रिपोर्ट आला: इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात इओसिनोफिल पेशी खालच्या तुकड्यांत ४२, वरच्यांत ३५. निरोगी अन्ननलिकेत त्या जवळपास नसतातच. १५ किंवा त्याहून जास्त दिसल्या, गिळायला त्रास असला आणि दुसरं कारण सापडलं नाही, की निदान पक्कं. नुसतं आम्ल वर येत असतं, तर बहुधा खालच्या टोकाशीच थोड्या दिसल्या असत्या. मुळाशी ॲलर्जी आहे, बहुतेकदा दूध-गव्हासारख्या रोजच्या अन्नाची. लहानपणचा त्याचा दमा आठवला. मी तर रक्ताच्या तपासणीवरच भिस्त ठेवून होते. पण तिच्यावरून हे ठरत नाही. हा वेगळा आजार म्हणून ओळखला गेला तोच १९९० च्या दशकात.

२७ एप्रिल
तीन महिने बुडेसोनाइड हे सूज उतरवणारं औषध गिळतोय. घास अडकत नाही, तरी आज पुन्हा दुर्बीण आणि पुन्हा सहा तुकडे. त्रास थांबला म्हणजे सूज गेलीच असं नाही, आणि ती वर्षानुवर्षं राहिली तर नलिका आक्रसत जाते. बाटल्या पुन्हा मीच नेल्या.

३० एप्रिल
खाली ३, वर २. रात्री भाकरी केली. तो अजूनही सावकाशच जेवतो, इतक्या वर्षांची भीती आहे ती. माझं जेवण आधी झालं. हात न धुता त्याचा शेवटचा घास होईपर्यंत मी पानावर बसून राहिले.