तिसरा अक्ष

कवटीला ओठ नसतात. बोलणारी कवटी बनवायला बसलं की सगळ्यात आधी हेच आडवं येतं. 'आ' म्हणायला जबडा उघडला की भागतं. पण 'बाबा' म्हणताना दोनदा ओठ मिटतात, आणि इथे मिटायला आहेत ते नुसते दात. तरी गंमत अशी, की म, ब, प आले की जबडा नेमका बंद झाला आणि स्वरांना उघडला, तर बघणाऱ्याला ती बोलते आहे हे पटतं. उरलेलं तो मनानेच भरून घेतो.

मी न्यू जर्सीत राहते. इथे ऑक्टोबर लागला की घरांपुढच्या हिरवळीवर थडगी उगवतात, झुडपांवर कापसाची कोळीजाळी चढतात. होम डेपोने २०२० मध्ये बारा फुटी सांगाडा २९९ डॉलरला विकायला आणला, तेव्हापासून छपराला टेकणारे सांगाडेही दिसतात. ३१ तारखेच्या संध्याकाळी सोंगं घेतलेली पोरं दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. काही हौशी घरांच्या ओसरीवर त्यांच्याशी बोलायला एक ॲनिमॅट्रॉनिक कवटी असते, म्हणजे मोटरवर मान आणि जबडा हलवणारी.

यंत्राची बाहुली आवाजाच्या तालावर हलवण्याची ही कला डिस्नीने लोकांसमोर आणली. १९६३ मध्ये डिस्नेलँडमधले गाणारे पक्षी आले, १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात खुर्चीवरून उठून भाषण करणारा लिंकन आला. आज त्यातलं बरंच काम जेवणाच्या टेबलावर होतं, कारण सर्वो मोटर स्वस्त झाली. तिला सेकंदाला ५० वेळा एक छोटा विद्युत स्पंद मिळतो. तो साधारण १ मिलिसेकंदाचा असला तर ती एका टोकाला जाते, २ चा असला तर दुसऱ्या टोकाला आणि दीडचा असला तर मधोमध थांबते. एवढंच तिचं व्याकरण.

बाजारात तीन तऱ्हेच्या कवट्या मिळतात. एक दुकानातलं तयार खेळणं: समोरून कुणी गेलं की सेन्सर जागा होतो, जबडा खडखडतो, ठरलेली तीन वाक्यं वाजतात. दुसरं किट: कवटी, मोटरा, दांड्या, स्क्रू येतात, जोडायचं आपण, हालचाल ठरवायची आपण. तिसरी तऱ्हा म्हणजे थ्री-डी प्रिंटरवर सगळं स्वतःच काढणं. मी किट घेतलं. तयार खेळण्यात मला बदलता येण्यासारखं काही नव्हतं, आणि प्रिंटर माझ्याकडे नाही.

किट निवडताना किमतीचा फरक पडतो तो अक्षांवर. मान डावीउजवीकडे वळणं हा एक अक्ष, वरखाली होणं हा दुसरा, आणि खांद्याकडे कलणं हा तिसरा. स्वस्त किटमध्ये पहिल्यांदा गळतो तो तिसराच. कारण सरळ आहे: अमेरिकन माणसाला नकारासाठी पहिला अक्ष पुरतो, होकारासाठी दुसरा. पण आपलं काय? 'चहा घेणार?' म्हटल्यावर आपण जी मान डोलावतो, ती या दोन्हींत बसतच नाही. आपला 'हो', आपला 'बरं', आपला 'बघू या' आणि 'ऐकतेय, बोल पुढे' हे सगळं तिसऱ्या अक्षावर राहतं. मी जास्तीचे पैसे त्याच्यासाठी मोजले.

पुण्यात गणपतीत हलते देखावे बघत मी मोठी झाले. लाउडस्पीकरवर निवेदन चालायचं आणि अफझलखानाचा वध दर दहा मिनिटांनी व्हायचा. महाराजांचा हात वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर जायचा. मोटर, गिअर, दांडी; यंत्र जवळजवळ तेच. पण देखावा दोरीपलीकडच्या शंभर माणसांसाठी असतो. त्यातली मूर्ती कुणा एकाकडे बघत नाही, तिने बघावं अशी अपेक्षाही नसते. ओसरीवरच्या कवटीपुढे मात्र एका वेळी एकच पोर उभं राहतं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, तर ती फक्त खडखडणारं प्लास्टिक.

जोडणी सुरू केली की आधी वजनाशी गाठ पडते. कवटी पोकळ आणि हलकी हवी. तिचा तोल मानेच्या सांध्यावर असला पाहिजे, नाहीतर मोटर नुसतं डोकं पेलण्यातच तापते. सांध्याच्या मागे दोन मोटरांच्या दोन दांड्या लागतात. दोन्ही एकदम ढकलल्या की मान झुकते. एक ढकलली आणि एक ओढली की कलते. वीज वेगळी द्यावी लागते. नेहमीच्या आकाराची धातूच्या गिअरची मोटर अडकली तर एकटी दोन-अडीच अँपिअर ओढते, त्यामुळे आर्डुइनोच्या पिनवरून असल्या चार मोटरा चालवायचा विचारही करू नये. बाहेरचा पाच-सहा व्होल्टचा दणकट पुरवठा घ्यायचा आणि दोघांचा ग्राउंड जोडायचा.

खरं काम त्यानंतरचं. मोटरला जा म्हटलं की ती तडक जाते, आणि माणूस तसा कधीच वळत नाही. तो हळू निघतो, मध्ये वेग घेतो, पोचताना पुन्हा मंदावतो. म्हणून मी असा कंट्रोलर घेतला, ज्यात प्रत्येक मोटरला वेगाची आणि त्वरणाचीही मर्यादा घालता येते. त्वरण कमी केलं त्या रात्री कवटी पहिल्यांदा माझ्याकडे 'वळली'. तोवर ती फक्त फिरत होती.

आईला हे प्रकरण पसंत नव्हतं. "अगं, दारात तोरण लावतात, कवटी नाही!" त्यात २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी कवटी. मी आकाशकंदील लावला आणि त्याच्या उजेडात खाली कवटी बसवली. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "विचार तिला, फराळ केला का?" मी गेम कंट्रोलरची कळ अलगद कलवली. कवटीने अगदी आपल्यासारखी मान डोलावली. आई हसायला लागली, मग म्हणाली, "बरं, पण रात्री घरात आणू नकोस."

संध्याकाळी मी खिडकीआड कंट्रोलर घेऊन बसले. मोठ्या पोरांसाठी आवाज होता, जबडा होता, अचानक वळणं होतं. ती किंचाळायची, हसायची, आणखी एकदा कर म्हणायची. मग मधमाशी झालेली चारेक वर्षांची मुलगी पायरीवर येऊन थबकली. तिचा बाबा मागून धीर देत होता, पण ती पुढे येईना. मी आवाज बंद केला, जबडा मिटला. कवटीची मान हळूच खाली झुकवली आणि एका बाजूला कलवली. एवढंच. मुलगी बघत राहिली. मग तिनेही मान कलवली. मी दुसरीकडे कलवली, तिनेही तसंच केलं. असं चार-पाच वेळा झाल्यावर ती पुढे आली, चॉकलेट उचललं आणि कवटीला थँक यू म्हणाली.

या घरात मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिचा बाबा समोरच राहतो. त्या रात्री तो पहिल्यांदा दाराशी थांबला आणि मान कशी कलते ते त्याने विचारलं. मी कवटीची मागची बाजू उघडून दोन्ही दांड्या दाखवल्या. मधमाशी तोवर आकाशकंदिलाखाली बसून चकली खात होती.

किट घ्यायचं मनात असेल, तर जबडा नंतरही बसवता येतो, डोळ्यांतले दिवेही. पैसे कमी पडले तर ते मागे ठेवा. तिसरा अक्ष मात्र आधी घ्या.