चेरीची झोप

सिमल्याहून नारकंड्यापर्यंत जाऊन कोटगडकडे उतरलात, की सफरचंदाच्या बागांत चेरीची झाडेही दिसतात. मे महिन्यात ती लाल घोसांनी लगडली होती. मी रोपे मागितली, तेव्हा म्हातारे बागवान हसले. “बाबूजी, आमचे बर्फ कसे न्याल?”

त्यांचे खरे होते. पानगळीनंतर हे झाड गाढ झोपते. पारा ७ अंशांखाली असे साधारण ८०० ते १,००० तास भरले, तरच डोळे नीट फुटतात. झोप अपुरी राहिली, तर फूल तुरळक येते आणि फळ धरत नाही.

तरी चार रोपे मी गावी आणलीच! पाच वर्षे झाली; पाने येतात, फूल नाही. शेतीचा पदवीधर असून मोहाला फसलो.

कॅलिफोर्नियातल्या ‘मिनी रॉयल’ आणि ‘रॉयल ली’ या जाती कमी थंडीच्या खऱ्या, पण त्यांनाही २००-३०० तास हवेतच. शिवाय परागासाठी दोन्ही जवळ लावाव्या लागतात.

म्हणून रोपे विकणारा दारी आला, तर आधी थर्मामीटर आणा. दोन हिवाळे थंडीचे तास मोजून वहीत लिहा. माझे चार रोपांवर भागले. तुमचे एकर त्यात जाऊ नये.