क्वीन्समधल्या तीन काकू

सगळ्यांत चांगला स्पायडरमॅन कोण, टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड की टॉम हॉलंड, हा वाद आमच्याकडे जेवता जेवता सुरू होतो आणि हात वाळेपर्यंत चालतो. भाचा हॉलंडचा भक्त. बहीण गारफिल्डच्या केसांवर भाळलेली. मी या वादात फारसा पडत नाही. विशीत मीही इमारतींवरून झोके घेणारा स्पायडरमॅनच बघायला जायचो. आता तो झोके घ्यायला लागला की मी पाण्याची बाटली शोधतो आणि त्याच्या घरातला प्रसंग आला की सावरून बसतो. कारण घरात काकू असते.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ऑगस्ट १९६२च्या 'अमेझिंग फँटसी'त पीटर पार्कर नावाचा हा पोरगा जन्माला घातला, तेव्हाच त्याला आई-बापाऐवजी बेनकाका आणि मेकाकू दिले. पहिल्याच गोष्टीत काकाचा खूनही करून टाकला. मागे उरली काकू, घरखर्च आणि एक अपराधी पुतण्या. बॅटमॅनकडे वाडा आहे, बटलर आहे. पीटर पार्करकडे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं एक साधं घर आहे आणि रात्री उशिरा आल्यावर 'कुठे होतास?' असं विचारणारं माणूस आहे. चित्रपटवाल्यांनी पुढे खलनायक बदलले, जाळं मनगटातून निघतं की यंत्रातून हे बदललं, नट तर बदललेच. पण प्रत्येक दिग्दर्शकाची खरी नाडी सापडते ती त्याने काकू कशी रंगवली त्यात.

सॅम रायमीच्या तिन्ही चित्रपटांत (२००२, २००४, २००७) रोझमेरी हॅरिस आहे. पांढऱ्या केसांची, जुन्या वळणाची, ताठ कण्याची. दुसऱ्या भागात घराचे हप्ते थकलेत. बँकेत कर्ज मागायला ती पुतण्याला घेऊन जाते आणि समोरचा गुळगुळीत चेहऱ्याचा अधिकारी नकार देतो. निदान भेट म्हणून टोस्टर तरी मिळेल, या तिच्या आशेवरही तो पाणी ओततो. याच बँकेत खलनायक डॉक्टर ऑक्टोपस दरोडा घालतो, तिला उचलून नेतो, आणि ही बाई छत्रीने त्याला बदडते! हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला मात्र त्याआधीचा आठवतो. पीटरच्या वाढदिवसाला ती त्याच्या हातात वीस डॉलरची नोट ठेवते. त्याला तिची परिस्थिती माहीत असते, म्हणून तो नको म्हणतो. तशी ती एकदम चिडते, घे म्हणून ओरडते आणि लगेच रडते. गरिबीत देण्याचाही एक मान असतो, आणि तो नाकारला की माणूस किती दुखावतं, हे त्या एका मिनिटात दिसतं. कोट्यवधी डॉलरच्या चित्रपटात इतक्या किरकोळ रकमेसाठी कॅमेरा थांबला, याचंच मला अप्रूप वाटतं.

आणि मग ते टेबल. बेनच्या मृत्यूला आपण कारणीभूत आहोत, खून करणाऱ्या चोराला आपणच आधी जाऊ दिलं, हे पीटर तिला सांगतो. तिचा हात त्याच्या हातात असतो. तो बोलत राहतो आणि तिचा हात हळूच मागे सरकतो. ती उठते, एक शब्द न बोलता जिना चढून वर निघून जाते. पार्श्वसंगीताचा गदारोळ नाही, कानाखाली आवाज नाही. धावती आगगाडी थांबवण्याचा तो नावाजलेला प्रसंग याच चित्रपटात आहे आणि उत्तमच आहे. पण आगगाडी तो अडवू शकला, हा हात नाही.

गारफिल्डच्या वाट्याला सॅली फिल्ड आली (२०१२, २०१४). ही काकू वयाने लहान, जिभेने तिखट. मार्क वेबच्या या दोन चित्रपटांपैकी दुसऱ्याला टीकाकारांनी बरंच झोडपलं. पटकथेबद्दल त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यात इतके खलनायक कोंबलेत की कोण कशासाठी चिडलाय याचा पत्ता लागत नाही. तरी पहिल्यातली अंडी मी विसरलेलो नाही. काकूने येताना अंडी आणायला सांगितलेलं असतं. मध्ये शहरावर सरडा झालेल्या खलनायकाचं संकट येतं, प्रेयसीचा बाप डोळ्यांदेखत जातो. शेवटी रात्री दार उघडतं तेव्हा सुजलेल्या तोंडाचा पीटर अंड्यांचा खोका घेऊन उभा असतो. ती काही विचारत नाही, जवळ घेते. तिला किती कळलंय हे दिग्दर्शकाने उघड केलं नाही, आणि सॅली फिल्डने ते डोळ्यांत असं ठेवलंय की उघड करायची गरजही नाही.

गंमत म्हणजे पोशाखाच्या धुण्याचा घोळ दोन्हीकडे आहे. मॅग्वायरचा पीटर सार्वजनिक यंत्रात कपडे टाकतो आणि लाल-निळ्याचा रंग पांढऱ्यांना लागतो. बिचारा मुकाट्याने ते हातात धरून बघत राहतो. गारफिल्डला मात्र काकू त्याच कारणावरून फैलावर घेते आणि तो अमेरिकेचा झेंडा धूत होतो अशी थाप ठोकून देतो. एकाची हलाखी, दुसऱ्याचा चावटपणा. दोन पीटरमधला फरक सांगायला मला तरी याहून जास्त काही लागत नाही.

हॉलंडच्या काकूबद्दल सुरुवातीला माझं मत फारसं बरं नव्हतं. मरिसा टोमे ही गुणी अभिनेत्री, पण जॉन वॉट्सच्या पहिल्या दोन चित्रपटांत (२०१७, २०१९) तिला विनोदापुरतंच ठेवलंय. बाकी सगळी सोय टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन, करतो. पोशाख त्याचा, तंत्र त्याचं, उपदेशही त्याचाच. श्रीमंत मामा भेटल्यावर घरच्या काकूला कोण विचारतो? बेनकाकाचा तर नीट उल्लेखही नाही. मग २०२१च्या 'नो वे होम'मध्ये कळतं की 'मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते' हे प्रसिद्ध शब्द या वेळी काकूच्या तोंडी राखून ठेवले होते, आणि ते बोलून मरायचंही तिलाच होतं. शेवटी सगळं जग पीटरला विसरतं. तो भाड्याच्या खोलीत शिलाईयंत्रावर स्वतःचा पोशाख स्वतः शिवतो. तीन चित्रपटांच्या श्रीमंतीनंतर तो तिथे खरा स्पायडरमॅन होतो, आणि नेमकं तेव्हा घरी कुणी नसतं. याच चित्रपटात तिन्ही पीटर भेटतात. उंचावरून पडणाऱ्या एमजेला, म्हणजे हॉलंडच्या पीटरच्या प्रेयसीला, गारफिल्ड झेलतो आणि त्याचा चेहरा पिळवटून निघतो, कारण २०१४मध्ये त्याला स्वतःच्या प्रेयसीला, ग्वेनला, वाचवता आलं नव्हतं. टाळ्या पडतात तिघांच्या एकत्र उडीला. माझा हात मात्र इथे डोळ्यांकडे गेला होता.

२०२३च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटात मुंबई आणि मॅनहटनची सरमिसळ करून 'मुंबॅटन' उभं केलंय. तिथला स्पायडरमॅन असलेल्या पवित्र प्रभाकरलाही माया आंटी आहे. हा चित्रपट मराठीतही डब झाला होता. पवित्र झकास आहे, केसांना खोबरेल तेल लावतो, पण माया आंटीच्या घरात दोन मिनिटं बसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

राहिला घरातला वाद. भाच्याला मी एवढंच सांगितलंय की हॉलंड उड्या सगळ्यांत चांगल्या मारतो आणि गारफिल्ड सगळ्यांत चांगला रडतो. पण चित्रपट म्हणून २००४चा दुसरा भागच वरचढ, आणि त्यातलं निम्मं श्रेय रोझमेरी हॅरिसचं.