सावरगावच्या ट्रंकेतलं मेनूकार्ड

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की काटोल जातं, नरखेड जातं आणि मग महाराष्ट्र कधी संपला ते कळतच नाही. पांढुर्ण्याला उतरल्यावर पाट्या हिंदीत दिसतात, माणसं मात्र मराठीत भांडत असतात. मला अगदी बेळगावात उतरल्यासारखं वाटलं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला मिळाले. छिंदवाडा तेवढा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर पांढुर्णा, सौंसरची ही मराठी माणसंही. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. कचेरीतली भाषा काही बदलली नाही.

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवली, अशी त्यामागची कथा सांगतात. मी गेले ते हिवाळ्यात, आंबिया बहाराची संत्री उतरत होती तेव्हा. नदीत दगड होते, पण सगळे आपापल्या जागी निमूट पडलेले.

तिथं माझे काका राहतात. माझी चिक्कव्वा, म्हणजे आईची धाकटी बहीण, धारवाडची. काका सावरगावचे, नोकरीनिमित्त बेळगावात आलेले. कन्नड घरातली मुलगी आणि वऱ्हाडी बोलणारा मुलगा, असं लग्न त्या काळी जमलं कसं, हा आमच्या घरातला वेगळा विषय आहे. लग्नानंतर काकांना लंडनला नोकरी लागली. चार वर्षं राहून १९७८ साली दोघं परत आली ती थेट सावरगावच्या वाड्यात. चिक्कव्वा जाऊन आता सहा वर्षं झाली.

दुपारी जेवणं आटोपल्यावर काकांनी ट्रंक उघडली. शाल, पासपोर्ट, ट्यूब रेल्वेचा नकाशा, आणि तळाशी एक चित्रांचं मेनूकार्ड. विम्पीचं.

आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नसेल. बर्गर म्हटलं की त्यांना मॅकडोनल्ड्स आठवतं. ते इंग्लंडात आलं १९७४ साली आणि आपल्याकडे १९९६ साली. इंग्रजांना बर्गरची सवय लावली ती मात्र विम्पीनं. नाव मूळचं अमेरिकेतलं, पॉपायच्या चित्रकथेतल्या बर्गरखाऊ विम्पीवरून घेतलेलं. लंडनमध्ये ते आणलं चहावाल्या लायन्स कंपनीनं, १९५४ साली, कॉव्हेंट्री स्ट्रीटवरच्या आपल्या कॉर्नर हाऊसमध्ये. पण खाण्याची पद्धत राहिली अस्सल ब्रिटिश. टेबलाशी बसायचं, वेट्रेस येऊन ऑर्डर घेणार, बर्गर येणार चिनी मातीच्या बशीत, काटा-सुरीसकट! टेबलावर टोमॅटोच्या आकाराची लाल प्लास्टिकची बाटली, तिला दाबलं की सॉस. कार्डावर अंडं आणि चिप्स होते, बेंडर नावाचं गोल वाकवलेलं सॉसेज होतं, गरम डोनटवर आइस्क्रीम घातलेली ब्राऊन डर्बी होती. आणि सगळ्यांत वर मिरवणारी निकरबॉकर ग्लोरी: उंच ग्लासात आइस्क्रीम, फळं, जेली, क्रीम यांचे थर आणि माथ्यावर चेरी. १९८० च्या दशकात दिल्लीच्या कॅनॉट प्लेसलाही विम्पी होतं. १९८९ साली इंग्लंडात कंपनी विकली गेली आणि कितीतरी विम्पींची बर्गर किंग झाली. आता तिथं मोजकीच उरली आहेत, तरी जुनी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून जातात म्हणे.

काका मात्र कार्डाकडे काही आनंदानं बघत नव्हते. चिक्कव्वा लिंगायत घरातली, मांस तर सोडाच, अंडंही न खाणारी. महिन्यातून एकदा, पगार झाला की, काका तिला तिथं नेत. आपण बर्गर खात, ती चिप्स चघळी, आणि चैन म्हणून दोघांत एक निकरबॉकर ग्लोरी. (जेली कशापासून करतात हे तिला कुणी सांगितलं नाही, बरंच झालं.) ती बोले फार कमी. काकांना वाटे, ही उपाशी बसते, हिला हा देश मानवत नाही. म्हणून तर चांगली नोकरी सोडून ते परत आले.

"मले वाटे तिले तिथं करमत नाही," काका म्हणाले. "तिनं कधी म्हटलं नाही, पण मले समजे."

मी कार्ड उलटून पाहिलं. मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं चार ओळी होत्या, कन्नडमध्ये. अक्षर चिक्कव्वाचंच.

"तो हिशेब आहे तिचा," काका म्हणाले. "मी बिल देत होतो तवा लिहीत बसली होती." काकांना कन्नड लिपी येत नाही. मुलं सावरगावात वाढली, त्यांना मराठी आणि हिंदी. पंचेचाळीसहून जास्त वर्षं ते कार्ड त्या घरात होतं आणि ते वाचू शकणारी एकच बाई होती.

हिशेब नव्हता तो. "अव्वग बरीबेकु," मी वाचलं. आईला लिहायचं आहे. उंच ग्लास, त्यात आइस्क्रीम, वर लाल चेरी. "भाळ छलो ऐति." फार छान आहे. काका हसले. मी थांबले, कार्ड मिटायला लागले.

"अजून एक ओळ आहे ना?"

डोळे अधू झालेत, पण ओळी मोजता येतात त्यांना. क्षणभर मनात आलं, काहीतरी दुसरंच सांगावं. कोण तपासणार होतं? पण अक्षर तिचं होतं.

"ऊरिग होगाक मनसिल्ल."

"म्हणजे?"

"गावी परत जावंसं वाटत नाही."

अंगणात कुणीतरी संत्र्यांचे क्रेट उतरवत होतं. काका बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"काहून नाही सांगितलं तिनं?" ते म्हणाले. मग स्वतःशीच, "मीच इचारलं नाही."

संध्याकाळी पुतण्यानं बसस्टँडजवळच्या गाडीवरून आलू टिक्कीचे बर्गर आणले, आम्हाला बरं वाटावं म्हणून. काकांनी आपला बशीत घेतला, सुरी मागितली, चार तुकडे केले आणि एक खाल्ला.

रात्री झोपायच्या आधी मला हाक मारली. "पोरी, ते तिचं लिहिलेलं मले मराठी अक्षरात लिहून दे. शब्द तिचेच राहू दे." मी पेन्सिल घेऊन कार्ड पुढे ओढलं, तर त्यांनी ते काढून घेतलं.

"याच्यावर नको. दुसऱ्या कागदावर."